एकोणसत्तर किलोचा तानपुरा

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या पुण्याच्या ऑफिसात एका मित्राची क्यू इंग्लंडहून आली. क्यू म्हणजे स्नूकर खेळायची काठी. 'काठी' म्हटलेलं त्याला आवडत नाही, पण त्याला वाईट वाटावं म्हणून मी मुद्दाम म्हणतो. :-)

पॅन्ट्रीतल्या टेबलावर त्याने ते पार्सल उघडलं तेव्हा आम्ही सात-आठ जण गोळा झालो होतो. बाहेर पुठ्ठ्याचं खोकं, त्याच्या आत जाड पीव्हीसी पाइप, पाइपाची दोन्ही तोंडं फोमची बुचं लावून बंद केलेली आणि आत सुती पिशव्यांत गुंडाळलेले क्यूचे दोन तुकडे. त्याने ते एकमेकांत फिरवून बसवले, क्यू टेबलावर आडवी ठेवली आणि हळूच लोळवली. मग खाली वाकून क्यू आणि टेबलामधल्या फटीतून येणारा उजेड बघत बसला. म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, "सरळ आहे का बघतोय. प्रवासात वाकली असेल तर लोळताना उजेड कमी-जास्त होतो."

मग अर्थातच नेहमीचं भाषण झालं. स्नूकर हा खेळ इंग्रजांचा नाही, तो १८७५ मध्ये आपल्या जबलपूरला जन्मला. आणि भारताला कुठल्याही खेळात पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्याचे होते (१९५८, बिलियर्ड्स). हे भाषण आम्हाला पाठ आहे. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्याला मध्येच थांबवून विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण ही वस्तू समुद्रापलीकडून न मोडता आली कशी, ते सांग."

कारण त्याच आठवड्यात निफाडहून आईचा फोन आला होता. "तानपुरा विकलाय. हॉलंडला पाठवायचाय. कसा पाठवायचा ते तू बघ."

*

आमच्या तानपुऱ्याची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

आईचं माहेर नाशिकचं. १९६८ मध्ये, ती सोळा वर्षांची असताना, आजोबांनी तो मिरजेहून आणला. मिरज का, हे संगीतवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: मिरजेत साधारण पावणेदोनशे वर्षांपासून सतारी-तानपुरे बनतात. या धंद्याचे मूळपुरुष म्हणून फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव घेतात. हे घराणं मुळात शिकलगारांचं, म्हणजे तलवारींना धार आणि पाणी देणाऱ्यांचं. तलवारींचे दिवस सरले आणि तेच हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूरच्या आसपासचे, दांडीचं लाकूड तुणीचं. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तेव्हा मिरज-पुणे मीटरगेज होतं. आजोबा मिरजेहून पुण्याला, तिथे गाडी बदलून कल्याणला, तिथे पुन्हा गाडी बदलून नाशिकरोडला आले, आणि सबंध प्रवासात तानपुरा मांडीवर. रात्री झोपले नाहीत. एका सहप्रवाशाने "भोपळा केवढ्याला घेतला?" असं विचारलं म्हणून त्याच्याशी पुण्यापर्यंत बोलले नाहीत. हा किस्सा आई दर दिवाळीला सांगते.

१९७३ मध्ये लग्न होऊन आई निफाडला आली आणि तिच्याबरोबर तानपुराही. द्राक्षबागेतलं घर. सकाळी अण्णा बागेत आणि आई खोलीत तानपुरा लावून बसलेली. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरात सकाळी असा आवाज होत असणार, जसा नळाचा होतो.

१९८९ मध्ये मी तो फोडला. हो, मीच. घरात क्रिकेट खेळायचं नाही हा नियम होता आणि कॉर्कचा चेंडू भोपळ्यावर बसला. वीतभर तडा गेला. आई मला काही म्हणाली नाही, त्यापेक्षा मार परवडला असता. अण्णा तो मिरजेला घेऊन गेले. कारागिराने तबली उघडली, आतून कापडाची पट्टी आणि सरसात कालवलेला लाकडाचा भुसा भरून तडा बुजवला, घोडी बदलून शिसवी बसवली. आवाज परत आला. तडा मात्र बोटाला लागायचा. अजून लागतो.

*

आता विकायचं कारण. आईच्या बोटांची संधिवाताने वाट लागली आहे. तारा छेडता येतात, पण खुंट्या पिळता येत नाहीत. निफाडची हवा तुम्हाला माहीत असेल. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात येतो, तेच आमचं निफाड. कोरड्या थंडीत लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, तारा उतरतात. रोज लावायला कोणीतरी हवं. मी पुण्याला. माझी मुलगी गिटार वाजवते, तेही मूड असेल तर.

मी फोनवर म्हटलं, "विकतेस कशाला? मी पुण्याला नेतो. हॉलमध्ये छान दिसेल."

आई म्हणाली, "भिंतीला टेकवून ठेवलास की तो नुसता भोपळाच रे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र आला. वस्तू आईची, पण त्यातला तडा माझा होता ना!

घेणारी मुलगी रॉटरडॅमची. तिथल्या संगीत विद्यालयात भारतीय संगीताचा विभाग अनेक वर्षांपासून आहे, पंडित हरिप्रसाद चौरसियांनी तिथे शिकवलं आहे. आईच्या गुरुभगिनीची मुलगी तिकडे असते, तिच्या ओळखीने हे जमलं. रॉटरडॅम हे नाव आमच्या घरात नवीन नाही. अण्णांची द्राक्षं ज्या बंदरात उतरतात ते तेच. म्हणजे मी शाळेत नकाशावर मुंबई शोधायच्या आधी रॉटरडॅम ऐकलं असेल.

पहिला प्रश्न आला तो तड्याचा. मी म्हटलं, फोटो समोरून काढू. दिसणार नाही, आणि पस्तीस वर्षांत काही झालेलं नाही. आईने मला तानपुरा उलटा धरायला लावला आणि तड्याचाच फोटो काढायला लावला, शेजारी मोजपट्टी ठेवून. वर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. नुसत्या चार तारा, गाणं नाही. "ऐकून घे म्हणावं, मग हो म्हण." आमच्या धंद्यात रिलीज करताना माहीत असलेल्या चुकांची यादी सोबत द्यायची असते. आम्ही ती देतो, पण इतक्या ठळक अक्षरांत नाही.

मुलीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तडा चालेल. जवारी फार आवडली.

*

दुसरा प्रश्न हस्तिदंताचा. तानपुऱ्याच्या तबलीच्या कडेने आणि गळ्यावर पांढरी वेलबुट्टी आहे. आमच्याकडे सगळे तिला हस्तिदंत म्हणतात. आजोबाच तसं सांगायचे आणि पाहुण्यांना ते आवर्जून दाखवलं जायचं.

मित्राने ऑफिसात हे ऐकलं आणि दचकला. जुन्या क्यूंमध्ये टोकाला आणि मुठीवर हस्तिदंत लावत असत, आणि अशी क्यू आज सीमेपलीकडे पाठवणं म्हणजे गुन्हा. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद केला. म्हणजे ती नक्षी खरी असेल तर तानपुरा हॉलंडला सोडा, शेजारच्या घरातही विकता येणार नाही.

मिरजेच्या एका कारागिरांना फोटो पाठवले. त्यांनी सांगितलं, हस्तिदंत असेल तर भिंगातून बघा, आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. नसेल तर कोरड्या फडक्याने जोरात घासा आणि वास घ्या. सुई तापवून लावू नका, कारण सेल्युलॉइड असेल तर भडकन पेटेल. जाळी दिसली नाही. घासलं तर कापराचा वास आला. सेल्युलॉइड! ते कापूर घालूनच बनवतात.

आमची सुटका झाली आणि आजोबांची छप्पन वर्षांची प्रतिष्ठा गेली. आई बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "बाबांना माहीत असणार. हस्तिदंताचे पैसे त्यांच्याकडे कुठले आले?"

राहिली शिसवी घोडी. शिसम-शिसवीची सगळी जात (डालबर्जिया) जानेवारी २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. त्यानंतरची दोन-तीन वर्षं वाद्यं पाठवणाऱ्यांचे फार हाल झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. हे सगळं मी रात्री बारा वाजता वाचत होतो, एका विताच्या घोडीसाठी.

*

तिसरा प्रश्न मापाचा. इथे मला क्यूचा हेवा वाटला.

क्यू साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर. मधोमध जोड असेल तर दोन तुकडे होतात आणि ८० सेंटिमीटरच्या बारक्या खोक्यात मावतात. तानपुऱ्याला मधोमध जोड नसतो. एका टोकाला लांब सडक दांडी, दुसऱ्या टोकाला घागरीएवढा भोपळा. खोकं मात्र भोपळ्याच्या मापाचंच करावं लागतं, आणि दांडीच्या आजूबाजूला सगळी हवा.

आमचं खोकं झालं १५० × ५५ × ५० सेंटिमीटर. टपालाने पाठवता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिथे कुठलीही बाजू दीड मीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि लांबी अधिक घेर मिळून तीन मीटरच्या आत लागतो. आमचा हिशेब: १५० + २१० = ३६०. बाद.

समुद्रमार्गे स्वस्त पडलं असतं. पण २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. अण्णांच्या २०२४ च्या द्राक्षांना दहा-पंधरा दिवस जास्त लागले होते. आणि बंद कंटेनरमध्ये दिवसा ऊब आणि रात्री गारवा असा खेळ चालला की छताला दव धरतं आणि आतल्या आत पाऊस पडतो. सरसाने जोडलेल्या लाकडाला आणि दुरुस्त केलेल्या भोपळ्याला हे झेपणारं नव्हतं.

म्हणजे विमान. विमानाचं भाडं वजनावर असतं असं मला वाटत होतं. ते अर्धसत्य आहे. हलक्या पण अवजड मालाला घनफळावरून वजन लावतात: सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६०००. कुरियरवाले भागिले ५००० करतात, म्हणजे आणखी महाग. आमचं उत्तर आलं ६९ किलो. तानपुरा चार किलोचा, केस आणि खोकं धरून सगळं २६ किलो. उरलेली ४३ किलो हवा! मित्राच्या क्यूचा असाच हिशेब केला तर अडीच किलोसुद्धा होत नाही.

अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग? आमची द्राक्षं बी पाणीच असतात की. पाण्याचंच भाडं भरतो आम्ही."

*

अण्णांबद्दल सांगायला हवं. त्यांना हा व्यवहार पहिल्यापासून पसंत नव्हता. आईने तानपुरा विकू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकावर त्यांचा भरवसा नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "माल गेला म्हणजे पोचला नाही. पोचला म्हणजे घेतला नाही. घेतला म्हणजे पैसे आले नाहीत."

याला कारण २०१० चा हंगाम. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. त्याआधीच अपेडाची ग्रेपनेट सुरू झाली होती. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक नमुन्याची तपासणी, सगळं चोख. पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. टेस्ट केसच लिहिलेली नाही, मग सगळ्या टेस्ट पास होणारच! कंटेनर तिकडे अडकून पडले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक घरांचं वर्ष बुडालं. त्यात आमचंही होतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि अण्णा ते वहीत 'उसने' म्हणून लिहीत होते.

तर अशा माणसाकडे मी पॅकिंगचा सल्ला मागायला गेलो नव्हतो. मी इंटरनेटवर वाचून यादी करून नेली होती. डिसेंबरातल्या एका शनिवारी अंगणात मांडामांड केली, मिरजेहून मागवलेली फायबरग्लासची केस उघडली, आणि अण्णा खुर्ची घेऊन बघायला बसले.

"आधी भोपळ्यावर करून बघ," म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते खरंच आत गेले आणि एक लाल भोपळा आणि खराट्याचा दांडा घेऊन आले. भोपळ्याला दांडा सुतळीने आवळून बांधला. झाला डमी तानपुरा. तो केसमध्ये ठेवला, भोपळ्याभोवती गच्च फोम भरला, केस खोक्यात घातली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून खोकं खाली लोटलं.

उघडून बघतो तर भोपळा शाबूत, दांडा मुळातून निखळलेला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी सगळी काळजी भोपळ्याची घेतली होती, कारण फुटायची भीती त्याची. पण खोकं पाठीवर आपटलं की गच्च बसवलेला भोपळा जागच्या जागी थांबतो आणि अधांतरी असलेली दांडी, तीही टोकाला खुंट्यांचं वजन घेऊन, तशीच पुढे जाते. सगळा झटका गळ्यावर येतो. तानपुरे प्रवासात मोडतात ते गळ्यात, हे मिरजेचे कारागीरही बोलले होते. मी वाचलं होतं, पण समजलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "घडाचं तसंच असतं. मणी दाबून भरले का फुटतात, मोकळे सोडले का गळतात. माल हालला का मेला, आन् आवळला तरी मेला. खोक्याला मार बसू दे, मालाला नको."

मणी! निफाडला द्राक्षाच्या दाण्याला मणी म्हणतात आणि तानपुऱ्याच्या तारांत सूर बारीक जुळवायला जे ओवलेले असतात तेही मणीच. पन्नास वर्षं एका घरात राहून हे दोघं एकमेकांना "मणी आणा" म्हणत असतील तर काय गोंधळ होत असेल!

मग त्यांच्या पद्धतीने केलं. तारा पूर्ण सैल केल्या, पण काढल्या नाहीत. मणी काढून पुडीत बांधले, जवारीची सुतं वेगळ्या पाकिटात. घोडी आणि तबलीच्या मध्ये मऊ कापड. खुंट्या एकमेकींना पट्टीने बांधल्या. दांडीखाली तीन ठिकाणी फोमचे ठोकळे, त्यातला एक अगदी गळ्यालगत. बाजूंनीही तसेच. भोपळ्याभोवती फोम, पण हाताने दाबला तर बोटभर दबेल इतपतच. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. केस आणि खोक्याच्या मध्ये चारी बाजूंनी तीन-तीन इंच मऊ जागा, आणि खोक्याच्या कोपऱ्यांना द्राक्षाच्या पॅलेटला लावतात ते पुठ्ठ्याचे अँगल.

डमीला पुन्हा ट्रॉलीवरून टाकलं. दोनदा. दांडा हलला नाही. त्या रात्री भोपळ्याची भाजी होती.

एक गाढवपणा तरीही होता होता राहिला. पॅकहाऊसच्या मिस्त्रीने जुन्या पॅलेटच्या फळ्यांचं झकास खोकं बनवलं होतं. फळीवर गव्हाच्या ओंबीचा तो शिक्काही होता. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅकिंगमधून कीड जाऊ नये म्हणून लाकूड आतून ५६ अंशांवर अर्धा तास तापवतात, त्याचा हा शिक्का. आम्ही खूश. पण क्लिअरिंग एजंटने फोनवर सांगितलं, पॅलेट मोडून नवीन वस्तू बनवली की जुना शिक्का बाद, पुन्हा प्रक्रिया करा. प्लायवुडला मात्र हा नियम लागू नाही, कारण ते बनतानाच तापवलेलं असतं. मग प्लायवुडचं खोकं केलं, आतल्या पट्ट्यासुद्धा प्लायच्याच. मिस्त्रीने फळ्यांचं खोकं फुकट गेलं म्हणून चार दिवस तोंड फिरवलं.

*

कागदपत्रं सगळी सांगत नाही, कंटाळा येईल. निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. आता मी भारत सरकारच्या लेखी निर्यातदार आहे, एकूण निर्यात: तानपुरे, एक.

पण इनव्हॉइसवर किंमत लिहायची वेळ आली तेव्हा एका माहीतगार माणसाने सुचवलं, "जुनी वस्तू, व्यापारी किंमत नाही, असं लिहा. तिकडे कर वाचेल." नेदरलँड्समध्ये २१ टक्के व्हॅट, तो त्या मुलीला भरावा लागणार. विद्यार्थिनी आहे बिचारी. मला पटत होतं. आईला विचारलं.

"किंमत नाही असं लिहायचं? मग विकतोय कशाला?"

"अगं, कागदावर फक्त."

"कागदावरच तर लिहायची असते किंमत. आणि उद्या मोडला तर विमावाला काय देईल? कागदावर असेल तेच ना?"

बिनतोड. खोटं लिहिणं चूक तर आहेच, पण विमाही लिहिलेल्या किमतीचाच असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरी किंमत लिहिली. त्या मुलीला कळवलं, तिने आधीच धरून ठेवलं होतं.

*

रात्री साडेदहाला पिकअप निघाली. मी बरोबर गेलो. आई बाहेर आली नाही. अण्णा आले, दोर ओढून बघितले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "कसाऱ्याला दमानं." आजोबांनी तो मांडीवर आणला होता, मी निदान त्याच्या पुढे बसून होतो एवढंच.

मग ट्रॅकिंग. रोज वीस वेळा पान उघडायचो. ॲमस्टरडॅमला पोचल्यावर तीन दिवस हालचाल नाही. चौथ्या दिवशी मेल आली: वाद्यात कुठलं कुठलं लाकूड आहे ते कळवा. मी नुसतं 'लाकूड' लिहून ठेवलं होतं. चूक माझीच. दोन्ही लाकडांची शास्त्रीय नावं, घोडी शिसवी आहे आणि नक्षी सेल्युलॉइडची आहे, असं सगळं पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी माल सुटला. तुम्ही असं काही पाठवणार असाल तर हे पत्र आधीच जोडा, माझे तीन दिवस तुमचे वाचतील.

मुलीला सांगितलं होतं, खोकं आलं की दिवसभर खोलीत तसंच ठेव, लाकडाला तिथल्या हवेची सवय होऊ दे. तिने दोन दिवस ठेवलं. मग रविवारी व्हिडिओ कॉल. निफाडला आई-अण्णा, पुण्याहून मी, तिकडे ती.

भोपळा ठीक. गळा ठीक. तडा होता तसाच, तिने त्यावरून बोट फिरवून दाखवलं. एक खुंटी सुटत होती, आईने खडूची पूड लावायला सांगितली. मग सुतं घालणं. आई इकडे वाकड्या बोटांनी हवेत दाखवत होती आणि ती तिकडे तसंच करत होती. भाषा दोघींची मोडकी इंग्रजी. जमलं.

तिने तारा छेडल्या. बोटं फिरताना दिसत होती. आवाज नाही.

म्हणजे एखादा सूर उमटायचा आणि लगेच विरून जायचा. पुन्हा छेडल्या, पुन्हा तेच. आईचा चेहरा बघवत नव्हता. हळूच म्हणाली, "गेला रे. आतून सुटला असेल."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एकदम लक्षात आलं. असल्या ॲपमध्ये गोंगाट कापायची सोय असते. जो आवाज न बदलता सतत चालू राहतो, त्याला ते पंख्याचा किंवा एसीचा आवाज समजतं आणि पुसून टाकतं. तानपुऱ्याचं तर कामच ते आहे, न बदलता सतत चालू राहणं! आमच्या धंद्यातल्या कुणा हुशार माणसाने आईचा तानपुरा गोंगाट ठरवला होता. तिला सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायला सांगितलं.

आणि आवाज आला.

लहानपणीचा तो, नळासारखा. मी काही बोललो नाही, अण्णाही नाही. मिनिटभर आई डोळे मिटून ऐकत होती. मग डोळे उघडून म्हणाली, "पंचम उतरलाय. सांग तिला."

पैसे तिसऱ्या दिवशी जमा झाले. अण्णांनी पासबुक भरून आणलं, बघितलं आणि त्यांचं ते वाक्य काही म्हणाले नाहीत.

संक्रांतीला निफाडला गेलो तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात भोपळ्याखालची चुंबळ दिसली. सगळं आठवणीने पाठवलं आणि ती राहिली. मी म्हटलं, पाठवून देऊ, हलकी आहे, टपालाने जाईल.

आई म्हणाली, "राहू दे. ती तिथं नवी करून घेईल."

असो.